हेडलाइटचा बल्ब बदलताय? आधी हे वाचा

नवी गाडी दारात आली की तिला सजवण्याचे बेत सुरू होतात. आधी सीट कव्हर, मग म्युझिक सिस्टिम, अलॉय व्हील आणि त्यानंतर पाळी येते हेडलाइटची. कंपनीचे पिवळसर दिवे घरातल्या तरुण मंडळींना जुनाट वाटतात. महागड्या गाड्यांसारखा पांढराशुभ्र किंवा निळसर प्रकाश आपल्याही गाडीला हवा असतो.

पंचकुलात राहणाऱ्यांना तर त्यासाठी लांब जावंच लागत नाही. शेजारीच चंदीगडच्या हद्दीतलं मनीमाजराचं मोटर मार्केट आहे. नोकरीनिमित्त किंवा चंडीमंदिर छावणीत बदली होऊन इथे आलेल्या मराठी कुटुंबांना पुण्याचं नाना पेठ किंवा मुंबईचा कुर्ल्याचा सीएसटी रोड आठवावा, असंच हे वातावरण. अर्ध्या तासात जुना बल्ब निघतो, नवा बसतो आणि गाडीचा चेहरामोहरा बदलतो.

पण हेडलाइट ही फक्त शोभेची वस्तू नाही. तिच्यामुळे आपल्याला रस्ता दिसतो आणि समोरून येणाऱ्यालाही तो दिसत राहिला पाहिजे. म्हणूनच बल्बवर पैसे खर्च करण्याआधी काही गोष्टी समजून घ्या.

बल्ब एकटा काम करत नाही

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांमध्ये एच ४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन फिलामेंट असतात. एक ६० वॅटचं, हाय बीमसाठी आणि दुसरं ५५ वॅटचं, लो बीमसाठी. लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरचा ठरावीक भागच उजळतो आणि झोत रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही.

ही सगळी रचना फिलामेंटची जागा लक्षात घेऊन केलेली असते. त्याच होल्डरमध्ये एलईडी किंवा एचआयडी बल्ब बसवला की प्रकाश निघण्याची जागा आणि आकार बदलतो. मग झोताची वरची सरळ कड विस्कटते आणि प्रकाश वर, आजूबाजूला, सगळीकडे पसरतो. चालकाला वाटतं, ‘वा, किती उजेड पडतोय!’ प्रत्यक्षात तो उजेड झाडांवर, पाट्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडत असतो. दूरचा रस्ता मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसू शकतो.

परदेशातून मागवलेले हेडलाइटचे सेटही नीट पारखून घ्या. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे आपल्या दिव्यांचा झोत डावीकडे थोडा वर उचललेला असतो. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांतले दिवे याच्या नेमके उलट असतात. ते इथे लावले तर झोत थेट समोरच्या गाडीत शिरतो.

पांढरा म्हणजे जास्त, हा गैरसमज

दुकानात बल्बच्या खोक्यावर ६००० के, ८००० के असे आकडे दिसतात. हा केल्विनचा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, उजेड किती हे सांगत नाही. साधा हॅलोजन साधारण ३२०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर पांढरा असतो. आकडा वाढत गेला की प्रकाश आधी पांढरा आणि मग निळसर होतो. उजेडाचं माप ल्युमेनमध्ये असतं. निळी काच लावलेला हॅलोजन बल्ब दिसायला झकास असला तरी ती काच काही उजेड गाळून टाकते. म्हणजे पैसे जास्त मोजून प्रकाश कमीच मिळतो.

पंचकुला आणि आसपासच्या भागात डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडतं. अशा वेळी ‘पिवळा बल्ब लावा, धुकं कापतो’ असा सल्ला हमखास मिळतो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळ्याच रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. धुक्यात रंगापेक्षा दिवा किती खाली आहे आणि झोत किती पसरट आहे हे महत्त्वाचं असतं. फॉग लॅम्प बंपरच्या खालच्या भागात असतात ते याचसाठी. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, मग बल्ब कितीही महाग असो.

समोरच्याचाही विचार करा

पंचकुलाहून मोरनीला जाणारा डोंगरातला रस्ता आठवा. अरुंद, वळणावळणाचा आणि मध्ये दुभाजक नाही. अशा वळणावर अचानक झगझगीत प्रकाश डोळ्यांवर आला तर काही क्षण काहीच दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. तीन सेकंद नीट दिसलं नाही तर ५० मीटर अंतर आंधळेपणानेच कापलं जातं. त्या अंतरात एखादा सायकलस्वार असेल, पायी घरी निघालेलं कुटुंब असेल किंवा पुढचं वळण असेल.

वय वाढलं की दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर त्रास आणखी वाढतो. आपल्या घरातले बाबा किंवा काका रात्री गाडी चालवायला का कंटाळतात याचं एक कारण हेच असतं. आपल्या गाडीचा दिवा दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांच्या डोळ्यांवर पडतोय, हे घरातल्या मुलांना सांगून बघा. दंडाच्या भीतीपेक्षा ही गोष्ट त्यांना लवकर पटते.

वायरिंगवरचा ताण

१०० वॅटच्या बल्बचीही अनेकांना भुरळ पडते. साधं गणित करा. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर करंट घेतो, तर १०० वॅटचा ८ पेक्षा जास्त. दोन बल्ब मिळून १० ऐवजी जवळपास १७ अँपिअर होतात. कंपनीची वायर आणि होल्डर एवढ्या करंटसाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळणं, रिफ्लेक्टरचा मुलामा काळा पडणं, वायर जळणं असे प्रकार त्यातूनच होतात. वायरिंग कापून जोडणी केली तर गाडीच्या इलेक्ट्रिकल वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. न कळवता केलेल्या बदलांमुळे विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

कायदा काय सांगतो?

गाडीवर एचआर ०३ नंबर असो, सीएच ०१ असो की एमएच १२, मोटार वाहन कायदा देशभर एकच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०६ नुसार दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. समोर ८ मीटरवर असलेल्या माणसाचे डोळे त्याने दिपता कामा नयेत. कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांविषयी आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बना रस्त्यावर परवानगी मिळाली आहे. पण तीसुद्धा तपासणी झालेल्या ठरावीक गाड्यांच्या मॉडेलपुरतीच. म्हणजे तिथेही कुठलाही बल्ब कुठल्याही गाडीत चालत नाही.

मग हौस कशी भागवायची?

* सर्वप्रथम हेडलाइटची काच बघा. ही काच खरं तर पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिकची असते आणि उन्हाने पिवळी, धुरकट होते. पॉलिश करून घेतली तर गाडी नवी दिसते आणि उजेडही वाढतो.

* बल्ब जुना झाला असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. त्याच प्रकारचे, तेवढ्याच वॅटचे आणि नामांकित कंपनीचे घ्या. बल्बवर गोलात ‘ई’ अक्षर आणि आकडा असेल तर तो आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासलेला असतो. नवा बल्ब बसवताना काचेला बोटं लावू नका. बोटांच्या तेलकटपणामुळे काच एका जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

* झोताची उंची तपासून घ्या. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. झोताची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. जास्त वर असेल तर गॅरेजमध्ये नीट करून घ्या.

* डॅशबोर्डजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असेल तर तिचा वापर करा. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं तोंड वर उचललं जातं. शिमल्याच्या सहलीला निघताना हा आकडा वाढवला की झोत पुन्हा खाली येतो.

* एलईडीच हवा असेल तर तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचा संपूर्ण हेडलाइट बसवता येईल का, हे डीलरकडे विचारा. आरटीओची परवानगी लागते का, हेही तिथेच खात्री करून घ्या.

* वेगळा लूक देण्यासाठी गाडीच्या आत भरपूर वाव आहे. सीट कव्हर, स्टीअरिंग कव्हर, मॅट, मंद अँबियंट लाइट यांत मनसोक्त हौस करा.

यातलं काच पॉलिश करणं आणि झोत तपासणं तर या रविवारीच करता येईल. दोन्हीला मिळून नव्या एलईडी किटपेक्षा कमी खर्च येतो आणि त्याच रात्री रस्ता अधिक स्पष्ट दिसू लागतो, तुम्हालाही आणि समोरून येणाऱ्यालाही.