कॅमेरा चांगला, पण नळी कोणती?

पित्ताशयात खडे झाले की आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतूनच ऑपरेशन होतं. बेंबीजवळच्या सेंटीमीटरभर छेदातून कॅमेरा आत जातो, आणखी दोन-तीन छिद्रांतून हत्यारं जातात आणि पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं असतं. पित्ताशयापासून निघणारी बारीक नळी, म्हणजे सिस्टिक डक्ट, क्लिपा लावून कापायची आणि पित्ताशय यकृतापासून सोडवून बाहेर काढायचं. घोळ होतो तो नळी कापताना. पित्ताशय वर ओढून धरलं की यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिकाही ताणली जाते, सिस्टिक डक्टच्या रेषेत येते आणि तिच्यासारखीच भासू लागते. चुकून तीच कापली गेली, तर साध्या ऑपरेशनसाठी आलेल्या माणसाला मोठ्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागतं आणि पुढची कित्येक वर्षं दवाखान्याची वारी मागे लागते.

अशा इजा क्वचितच होतात, पण त्या का होतात याचा शोध चटका लावणारा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास करून २००३ साली निष्कर्ष मांडला. ९७ टक्के प्रकरणांत मुळाशी दृष्टिभ्रम होता. हात चुकला, कौशल्य कमी पडलं, असं फक्त ३ टक्क्यांत आढळलं. सर्जनने पडद्यावर नळी स्वच्छ पाहिली होती, फक्त ती वेगळीच नळी होती. म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी नवा कॅमेरा बाजारात आला की मला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. ही नळी ओळखायला त्याची मदत किती?

पोटातलं दृश्य पडद्यावर पोहोचेपर्यंत बरीच मजल मारतं. त्यातला सर्वांत कमी कौतुक झालेला टप्पा काचेचा आहे. जुन्या दुर्बिणीत लांब नळीत छोटी भिंगं बसवलेली असत आणि मधे हवा असे. प्रकाश वाटेतच हरवायचा. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी ही रचना उलटी केली. नळी काचेच्या दांड्यांनी भरली आणि भिंगांचं काम दांड्यांमधल्या हवेच्या फटींकडे सोपवलं. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या नळीतून कित्येक पट जास्त प्रकाश येऊ लागला. पेटंटसाठीचा अर्ज १९५९चा, पण ही कल्पना उचलायला जर्मनीचे कार्ल स्टॉर्झ यावे लागले आणि दुर्बीण बाजारात आली ती १९६७मध्ये. आत प्रकाश नेणाऱ्या काचतंतूंच्या जुडग्याच्या इतिहासातही हॉपकिन्स आहेतच. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी हे त्यांचे विद्यार्थी, आणि काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचा या दोघांचा निबंध १९५४ साली 'नेचर'मध्ये आला होता.

तरीही बराच काळ दुर्बिणीला डोळा लावूनच बघावं लागे. पाहणारा एकच, आणि मदतनीस जवळपास आंधळेपणाने हत्यार धरून उभा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२पासून पोटाच्या आजारांचं निदान दुर्बिणीने करत होते, आणि भारतातलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन त्यांनी १९९०मध्ये केलं. मधल्या काळात प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी चिप आली होती. दृश्य पडद्यावर आलं, सगळ्या टीमला एकदम दिसू लागलं, आणि मदतनिसाचे दोन हात खऱ्या अर्थाने कामाला आले.

चिपमध्येही दोन घराणी आहेत. एका चिपच्या कॅमेऱ्यात लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांचे ठिपके रांगोळीसारखे मांडलेले असतात. त्यांत निम्मे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. मधल्या जागेचा रंग संगणक अंदाजाने भरतो. तीन चिपांच्या कॅमेऱ्यात लोलक प्रकाशाचे तीन भाग करतो आणि प्रत्येक रंगाला स्वतःची पूर्ण चिप मिळते. लग्नाच्या शूटिंगला हा फरक जाणवणारही नाही. पोटात मात्र यकृत, रक्तवाहिन्या, सुजलेला पडदा, सगळाच लाल रंगाचा कारभार. तिथे लालच्या दोन छटांमधला भेद हीच माहिती असते. मला विचाराल, तर चांगला तीन चिपांचा एचडी कॅमेरा हलक्या प्रतीच्या फोर-के कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही घ्यावा.

आता फोर-केचा हिशेब. एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख. चौपट! पण बघणाऱ्या डोळ्यालाही मर्यादा आहे. निरोगी डोळा दोन मीटरवरून साधारण ०.६ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे करू शकत नाही. २७ इंची मॉनिटरवर एचडीचा ठिपका आधीच ०.३ मिलिमीटरचा आहे, म्हणजे दोन मीटरवर उभ्या असलेल्या सर्जनच्या डोळ्यांसाठी उरलेले ६२ लाख ठिपके असून नसल्यासारखेच. मॉनिटर ५५ इंची घेतला की चित्र बदलतं. तिथे एचडीचा ठिपका ०.६ मिलिमीटरच्या वर जातो आणि फोर-केचा त्याच्या निम्मा राहतो. म्हणजे फोर-के घ्यायचा तर मोठा पडदा घ्यायचा आणि तो जवळ ठेवायचा. शिवाय फोर-केच्या मानकात रंगांचा पल्लाही वाढवलेला आहे, लालच्या अधिक छटा त्यात मावतात. माझ्या मते ठिपक्यांच्या संख्येपेक्षा हा फायदा महत्त्वाचा, पण तो मॉनिटरने दाखवला तरच.

त्रिमितीचं आकर्षण वेगळं. एका भिंगातून पाहिलं की खोली हरवते आणि सर्जन सावल्यांवरून, हत्यारांच्या हालचालींवरून अंतर ताडतो. दोन भिंगं आणि ध्रुवीकरणाचे चष्मे ही खोली परत देतात. आतून टाके घालण्याच्या सरावात त्यामुळे वेळ आणि चुका कमी होतात, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पित्ताशयाचं काय? स्कॉटलंडमधल्या डंडीच्या सर्जननी ६० ऑपरेशनं दोन्ही प्रकारे करून पाहिली. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात कामगिरीत फरक आढळला नाही, डोळ्यांवरचा ताण मात्र त्रिमितीत वाढला. तेव्हाची यंत्रणा जुनी होती आणि आजची खूपच सुधारली आहे. तरीही, खोली कळली म्हणून नळीची ओळख पटते असं नाही.

ओळख पटवण्याच्या कामी येतो तो एक जुना रंग. इंडोसायनिन ग्रीनला अमेरिकेत परवानगी मिळाली १९५९मध्येच. शिरेतून टोचला की यकृत त्याला रक्तातून वेचून घेतं आणि जसाच्या तसा पित्तात सोडतं. सुमारे ८०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकला की तो ८३० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो. आपल्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याची चिप ते टिपते, आणि पडद्यावर दिसणारा हिरवा रंग संगणकाने चढवलेला असतो. म्हणजे पित्त वाहतं त्या नळ्या चरबीच्या पातळ थराखालूनही उजळून दिसतात, कात्री लावायच्या आधी आणि क्ष-किरणांशिवाय. इथे कॅमेरा जास्त बारीक बघत नाही, डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचं काही सांगतो.

वेळ साधणं यात फार महत्त्वाचं. ऑपरेशनच्या अर्धा तास आधी टोचलं तर यकृतच इतकं झगमगतं की नळी त्यात बुडून जाते. काही तास आधी दिलं, तर यकृत निवतं आणि नळी ठळक होते. आयोडीनची अॅलर्जी असलेल्यांना द्यायचं की नाही, याचा विचार करावा लागतो. मूत्राशयातल्या गाठींसाठी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निवडक प्रकाश वापरून रक्तवाहिन्या उठावदार करण्याची पद्धतही याच जातीची, पण पित्तनलिकेला तिचा उपयोग नाही.

लाखो रुपयांच्या कॅमेऱ्याचं पाणी उतरवायला क्षुल्लक गोष्टी पुरतात. दुर्बीण एसीत गार झालेली, पोट ३७ अंशांचं दमट, की भिंगावर धुकं धरलंच. म्हणून फ्लास्कमधलं गरम निर्जंतुक पाणी हाताशी लागतं. सुरुवातीला पांढऱ्या गॉजसमोर धरून व्हाइट बॅलन्स केला नाही, तर सगळं पोट पिवळट दिसतं. लाइट केबलचं एक टोक छतावरच्या दिव्याकडे धरून दुसऱ्या टोकात पाहिलं की काळे ठिपके दिसतात. तितके काचतंतू तुटलेले. ही तपासणी मिनिटाभराची, फुकटची. जिल्ह्याच्या गावी नवा फोर-के सेट घेण्याआधी केबल आणि दुर्बीण बदलून बघावी, चित्र तिथेच निम्मं सुधारतं, असं मी ठामपणे म्हणेन.

इंडोसायनिनलाही सीमा आहे. त्याची चमक काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर ऊतीतून वर येते. सूज आलेल्या, जाड चरबीत गुरफटलेल्या पित्ताशयात, जिथे चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच ती क्षीण होते. अशा वेळी १९९५पासून स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांची कसोटी लागू पडते. सिस्टिक डक्ट, मुख्य पित्तनलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ करायची, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी शिरताना दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही. त्या दिसल्या नाहीत, तर पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर पडायचं किंवा पोट उघडायचं.