इटेनची शाळा आणि श्वासाचा हिशेब

केनियात रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर इटेन नावाचे गाव आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स या मुलांच्या कॅथलिक निवासी शाळेने धावपटूंची रांगच जगाला दिली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक पटकावणारा पीटर रोनो इथलाच. पुढे डेन्मार्ककडून धावून १९९७ मध्ये ८०० मीटरचा विश्वविक्रम करणारा विल्सन किपकेटरही इथलाच. एका आडगावच्या शाळेची ही कामगिरी पाहून ‘रक्तातच असावे’ असे कुणीही म्हणेल.

शास्त्रज्ञांना मात्र एवढ्यावर थांबता येत नाही.

पहिला संशय अर्थातच उंचीवर. इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून साडेसातशे मीटर वर. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही कमी. ही तूट मूत्रपिंडांना जाणवते. ती एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडतात आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढू लागतात. पण उंचीच सारे काही असती तर नेपाळ आणि बोलिव्हियानेही पदकांची लयलूट केली असती.

स्वीडनचे शरीरक्रिया शास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी १९९० मध्ये आपल्या देशाचे नामवंत धावपटू थेट केनियात नेले. शर्यती लागल्या तेव्हा शाळकरी मुलांनी या पाहुण्यांना घाम फोडला. खरी मौज प्रयोगशाळेतल्या आकड्यांची होती. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ही मर्यादा दोन्हीकडच्या अव्वल धावपटूंत जवळपास सारखीच निघाली. फरक होता काटकसरीचा. त्याच वेगाने धावायला केनियन धावपटूंना कमी ऑक्सिजन लागत होता आणि रक्तात लॅक्टेटही कमी साचत होते. लांबसडक पाय आणि बारीक, हलक्या पोटऱ्या हे यामागचे एक कारण मानले जाते. पाय दर पावलाला पुढे फेकावा लागतो, त्यामुळे घोट्याजवळचे थोडे वजनही महागात पडते.

पोटऱ्या काही कमावता येत नाहीत. याच अभ्यासातली दुसरी नोंद मात्र पालकांनी पुन्हा वाचावी अशी आहे. रोज चालत-धावत ये-जा करणाऱ्या केनियन मुलांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता बैठ्या जीवनशैलीच्या केनियन मुलांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त होती. ही मुले प्रशिक्षण घेत नव्हती, शाळेत जात होती इतकेच! बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेही लहानपणी रोज काही किलोमीटर पायी शाळेला जाई. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याने केनियाची मक्तेदारी मोडून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी.

तरीही पायपीट करणारी मुले जगभर आहेत आणि बहुतेकांच्या वाट्याला पदक येत नाही. सेंट पॅट्रिक्समध्ये त्यांना हेरणारे कुणीतरी होते. आयर्लंडचे ब्रदर कोल्म ओकॉनेल १९७६ मध्ये भूगोल शिकवायला इथे आले. प्रशिक्षणाची कुठलीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मुले कशी धावतात ते बघत बघतच ते शिकले. वाढत्या वयात भार बेताचा, धावण्याची ढब आधी आणि वेग नंतर, ही त्यांची रीत. दुसऱ्या शाळेत शिकणारा डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि २०१२ मध्ये लंडनला त्याने ८०० मीटर अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत कापले. त्या शर्यतीच्या वेळी ओकॉनेल स्टेडियममध्ये नव्हते, इटेनमध्येच होते.