बिनव्याजी ४९ दिवस

वर्गात सध्या एक युक्ती फिरते आहे. महिनाभराचा सगळा खर्च क्रेडिट कार्डावर करायचा, हातातले पैसे बचत खात्यात तसेच पडू द्यायचे आणि शेवटच्या तारखेला बिल पूर्ण भरून टाकायचं. मधल्या दिवसांचं व्याज आपलं. म्हणजे जगायचं बँकेच्या पैशावर आणि आपल्या पैशावर व्याज खायचं. ऐकायला भारी वाटतं, आणि युक्ती खोटी आहे असंही नाही. फक्त ती किती रुपयांची आहे आणि चुकली तर केवढ्याला पडते, हे कोणी सांगत नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी, कॉमर्सची नाही. पण हे गणित शाळेतल्या सरळव्याजाच्या पुढे जात नाही, म्हणून इथे मांडते आहे.

आधी शब्दांकडे बघू, कारण तो आपल्या मंडळाचा प्रांत. दुसऱ्याचे पैसे वापरण्यासाठी मराठीत एकच शब्द नाही. हातउसने घेतले की व्याज नसतं, पण दिलेला शब्द पाळायचा असतो. किराणा दुकानातली उधारी वहीत लिहिली जाते, तिच्यावरही सहसा व्याज लावत नाहीत (भावात काय धरलेलं असतं ते दुकानदारालाच ठाऊक). 'उधार' हा शब्द संस्कृत 'उद्धार'वरून आला, हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. आणि मग कर्ज. तिथे व्याज आलंच. क्रेडिट कार्ड यातलं नेमकं काय? ठरलेल्या तारखेपर्यंत ते हातउसनं असतं, दुसऱ्या दिवशी त्याचं कर्ज होतं. आणि हे कर्ज त्या दिवसापासून सुरू होत नाही, मागे जाऊन खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं. सगळी मेख इथेच आहे.

तारखा घालून बघू. समजा तुमच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख २५. तुम्ही ६ जूनला काही घेतलंत तर ते ५ जुलैच्या बिलात येणार आणि पैसे द्यायचे २५ जुलैला. झाले ४९ दिवस. पण तीच वस्तू ४ जुलैला घेतलीत तर बिल दुसऱ्याच दिवशी निघतं, आणि हाती राहतात २१ दिवस. जाहिरातीत 'पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी' असं असतं, त्यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचायचा. खर्च महिनाभर सारखा पसरलेला असेल तर सरासरी पस्तीस दिवसांच्या आसपास मिळतात.

आता कमाई. भारतीय स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर जून २०२५ पासून वर्षाला अडीच टक्के आहे. ६ जूनला कार्डाने केलेल्या १०,००० रुपयांच्या खर्चाचे पैसे खात्यात ४९ दिवस राहिले, तर व्याज मिळतं सुमारे ३४ रुपये. दर महिन्याला १०,००० असा वर्षभर खर्च केला तर खात्यात कायम साधारण ११,५०० रुपये जास्त राहतात, आणि त्यावर वर्षाचे होतात २८८ रुपये. महिन्याला २४. पैसे सहा टक्क्यांच्या ठेवीत वळवता आले तर हेच ६९० होतील, पण ऑटो-स्वीपसारख्या सोयीला खात्यात बऱ्यापैकी शिल्लक लागते, आणि थोड्या दिवसांच्या ठेवीला सहा टक्के मिळत नाहीत. शिवाय कार्डाला वार्षिक फी असली, समजा ४९९ रुपये, तर जीएसटी धरून ५८९ जातात. म्हणजे २८८ कमवायला ५८९ दिले. तेव्हा फी नसलेलं कार्ड, ही पहिली अट.

एक गंमत म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीला ही युक्ती बचत खात्यावर जमलीच नसती. १ एप्रिल २०१० पर्यंत बँका रोजच्या शिल्लकेवर व्याज देत नसत. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी रक्कम असेल, तिच्यावर व्याज मोजत. वीस दिवस पैसे ठेवले आणि एका दिवसासाठी काढले, तर ते वीस दिवस वाया. रोजच्या शिल्लकेचा हिशोब आला तेव्हा कुठे 'आणखी काही दिवस राहू दे' याला अर्थ आला. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा दर ठरवणं बँकांवर सोडलं.

मुळात ही युक्ती आपली नाही. ब्रिटनमध्ये तिला 'स्टूझिंग' म्हणतात. तिथे काही कार्डांवर नव्या ग्राहकाला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ खरेदीवर शून्य टक्के व्याज असतं. महिन्याला किमान रक्कम तेवढी भरायची, बाकी पैसे चांगल्या व्याजाच्या खात्यात साठवायचे, मुदत संपायच्या आत सगळं फेडायचं. मार्च २००९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने मूळ दर अर्ध्या टक्क्यावर आणला आणि त्यानंतर बरीच वर्षं या खटाटोपात फारसं काही उरलं नाही. २०२३ मध्ये तो दर सव्वापाच टक्क्यांवर गेला, तशी युक्तीही परत आली. आपल्याकडे वर्षभराचं शून्य टक्के नाही. आपल्याकडे आहेत हे ४९ दिवस, आणि किमान रक्कम भरून गप्प बसण्याची सोय तर अजिबातच नाही. व्हिडिओत हे दोन वेगळे देश एकाच दमात सांगतात, म्हणून गोंधळ होतो.

आता युक्ती चुकली तर काय? तेच १०,००० रुपये, तीच ६ जूनची खरेदी. २५ जुलै विसरलात आणि ३१ जुलैला भरलेत. उशीर सहा दिवसांचा. पण व्याज सहा दिवसांचं नाही, ६ जूनपासूनच्या ५५ दिवसांचं. कार्डाचा दर महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के धरू. बऱ्याच कार्डांवर तो याच्या आसपास असतो. व्याज झालं ६७८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२२, एकूण ८००. उशिराचा दंड वेगळा. खात्यात मिळत होते ३४. म्हणजे एका विसरण्याने दोन वर्षांच्या महिन्यांची कमाई गेली, दंड न धरता. शिवाय मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या काळात घेतलेल्या वह्यापुस्तकांवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू.

एवढं व्याज घेणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न मलाही पडला होता. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे ३० टक्क्यांचं ते कुंपण आता नाही.

काही नियम मात्र आपल्या बाजूचे आहेत. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक उशिराचा दंड लावू शकत नाही, की क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवू शकत नाही. थोडी जरी बाकी राहिली तरी बिनव्याजी मुदत थांबते, हे अटींमध्ये स्पष्ट लिहिणं बँकेवर बंधनकारक आहे. आणि या अटी साध्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असंही रिझर्व्ह बँक म्हणते. आमच्या सुरंगीत स्थानिक भाषा कोणती धरायची, वारली, गुजराती की मराठी, हा आपल्या मंडळासाठी चर्चेचा छान विषय होईल.

युक्तीचा दुसरा अवतार म्हणजे 'नो कॉस्ट ईएमआय'. मोबाइल हप्त्यांवर, व्याज शून्य, मग रक्कम खात्यात ठेवून सहा महिने व्याज का मिळवू नये? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट मुळात अस्तित्वातच नाही, दर उघड दाखवा. त्यामुळे आता होतं असं की व्याज लागतं, आणि विक्रेता तेवढी सूट आधीच देतो. १२,००० चा मोबाइल, २,००० चे सहा हप्ते, बँकेचा दर १५ टक्के असेल तर त्यात व्याज असतं साधारण ५०८ रुपये. तेवढी सूट मिळाल्यामुळे तुम्ही एकूण १२,०००च भरता. पण व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी, ९१ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर करासकट २३५. एकूण ३२६. आणि १२,००० खात्यात ठेवून दर महिन्याला २,००० काढत गेलात तर सहा महिन्यांत अडीच टक्क्यांनी व्याज मिळतं ८८ रुपये. नुसता जीएसटीच ते खाऊन टाकतो. वर, रोख घेतला असता तर दुकानदाराने काही कमी केले असते का, हे विचारायचं राहूनच जातं.

मग ज्यांना हे कार्ड खरंच मिळणार आहे, त्यांचं काय? सुरंगीच्या आजूबाजूला कारखाने आहेत. पदवी झाली की, किंवा त्याआधीच, आपल्यातले बरेच जण तिथे किंवा सिल्वासाच्या एखाद्या ऑफिसात लागतात. पगार ७ ते १० तारखेच्या दरम्यान होतो, आणि पगार खात्यासोबत कार्डाची ऑफरही येते. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून, त्यामुळे किराणा दुकानाच्या क्यूआरवरही ते चालतं. क्यूआर दुकानाच्या नावाचा असेल तर. दुकानदाराने स्वतःच्या खात्याचा लावलेला असेल तर नाही, आणि मित्राला पैसे पाठवायलाही नाही. एटीएममधून कार्डाने रोख काढाल तर बिनव्याजी दिवस शून्य. व्याज त्याच दिवसापासून, वर शुल्क.

खरी अडचण मला इथे दिसते. या युक्तीला लागणारी गोष्ट म्हणजे कार्ड नव्हे, तर बिलाएवढी रक्कम आधीच खात्यात असणं आणि तिला हात न लावणं. महिनाभर कार्डाने खर्च केला की खात्यातला आकडा फुगलेला दिसतो. तो आपला नसतो. घरी कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं, लग्नात आहेर द्यावा लागला, शेतीच्या बियाण्याला भावाने मागितले, की पहिल्यांदा हीच रक्कम जाते. मग २५ तारखेला बिल असतं आणि पैसे नसतात. ज्याच्याकडे तीन-चार पगारांची शिल्लक आहे, त्याला वर्षाला २८८ रुपये मिळतात. ज्याच्याकडे नाही, त्याला ४५ टक्के द्यावे लागतात. कार्ड दोघांचं एकच. अमेरिकेत कार्डाच्या धंद्यातले लोक दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला 'डेडबीट' म्हणतात, म्हणजे फुकट्या. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. बँकेला व्याज देतो तो दुसराच माणूस.

कॉलेजात असताना कार्ड हवंच असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड असतं, पगाराचा दाखला लागत नाही. त्या ठेवीचं व्याज 'कार्डामुळे मिळालं' असं मात्र म्हणू नका. ते ठेवीचं आहे, कार्ड नसतं तरी मिळालं असतं.

माझं मत विचाराल तर २८८ रुपयांसाठी कार्ड घेऊ नये. इतर कारणासाठी घेतलंच असेल तर फुकटचे ४९ दिवस जरूर वापरावेत. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क आपल्याला आहे. पगार १० ला होत असेल तर बिल २५ ला निघेल असं चक्र मागा, म्हणजे भरायची तारीख येईल पुढच्या महिन्याच्या १५ च्या आसपास, पगारानंतर लगेच. दिवस तेवढेच मिळतात, एकही कमी होत नाही. आणि खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सूचना देताना ॲपमध्ये दोन पर्याय दिसतात: 'मिनिमम अमाउंट ड्यू' आणि 'टोटल अमाउंट ड्यू'. पहिला पर्याय थकबाकीचा छोटासा हिस्सा कापतो आणि बाकीवर व्याज चालू ठेवतो. दुसरा निवडायचा.