येशूला वाटलेले आश्चर्य

शुभवर्तमानांत आश्चर्य करण्याचे काम बहुधा लोकांकडे असते. आंधळ्याला दिसू लागते, मुका बोलू लागतो आणि पाहणारे थक्क होतात. मत्तयाच्या आठव्या अध्यायात सरोवरावरचे वादळ शमते, तेव्हा होडीतले शिष्य चकित होतात. तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘थाउमाझो’ हे क्रियापद आले आहे. त्याच अध्यायात, वादळाच्या सतरा ओव्या आधी, हेच क्रियापद खुद्द येशूसाठी वापरले आहे. येशूला आश्चर्य वाटल्याचे चारही शुभवर्तमाने मिळून दोनच प्रसंगी सांगतात. एक प्रसंग कफर्णहूमचा, दुसरा नासरेथचा. पहिल्यात त्याला एकाच्या विश्वासाचे नवल वाटते, दुसऱ्यात एका गावाच्या अविश्वासाचे. हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे मला वाटते.

कफर्णहूम हे गालील सरोवराच्या वायव्य काठावरचे गाव. तिथल्या एका शताधिपतीचा दास आजारी होता. शताधिपती नावाला शंभरांचा नायक. रोमन सैन्यात त्याच्या हाताखाली प्रत्यक्षात ऐंशीच्या आसपास माणसे असत. गालीलवर त्या काळी रोमचा मांडलिक हेरोद अंतिपा याची सत्ता होती. त्यामुळे हा अधिकारी अंतिपाच्या सैन्यातला असावा, असे काही अभ्यासक मानतात. तो कोणाच्याही सैन्यातला असो, यहुदी नव्हता एवढे कथेवरून स्पष्ट आहे. मत्तय सांगतो की तो स्वतः येशूकडे आला. लूक सांगतो की त्याने आधी यहुदी वडीलधाऱ्यांना पाठवले, मग मित्रांना. या माणसाने आम्हांला सभास्थान बांधून दिले आहे, अशी त्याची शिफारस ते वडीलधारे करतात.

येशू त्याच्या घरी यायला तयार होतो, तेव्हा तो नको म्हणतो. माझ्या छपराखाली आपण यावे अशी माझी योग्यता नाही, नुसता शब्द बोला, असा त्याचा निरोप आहे. परजातीयाच्या घरात पाऊल टाकणे यहुदी माणसाला अवघड असे. ती अडचण येशूवर येऊ नये, ही जाणही त्यात असावी. पुढे तो जे कारण देतो ते धर्मग्रंथातले नाही, त्याच्या पेशातले आहे. मीही कोणाच्या तरी हुकमाखाली आहे आणि माझ्या हुकमाखाली शिपाई आहेत. जा म्हटले की माणूस जातो, ये म्हटले की येतो. तसा तुमचा शब्द आजारावर चालेल.

येशूला नवल वाटते ते इथे. बरे होण्याच्या आशेने तर गर्दीतले सगळेच येत. या माणसाने मात्र न भेटीचा आग्रह धरला, न स्पर्श मागितला, न खूण. शिवाय हुकूम देणाऱ्याने आपला हुकूम जिथे चालत नाही ती जागा ओळखली. या कथेला एक काळी बाजूही आहे. तो दास त्याला ‘मोलाचा’ होता, असे लूक म्हणतो. तिथला ग्रीक शब्द जिव्हाळा आणि किंमत असे दोन्ही अर्थ देऊ शकतो. दासाचे नाव येत नाही, तो एक शब्द बोलत नाही. त्या अधिकाऱ्याने आपले देव सोडले की नाही, पुढे तो शिष्य झाला की नाही, यावरही मजकूर गप्प आहे. तरीही असा विश्वास मला इस्राएलात आढळला नाही, अशा अर्थाचे उद्गार येशू काढतो.

यातून धर्मशास्त्राला एक पेच पडला. ज्याला सगळे ठाऊक, त्याला नवल कसे वाटेल? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हा प्रश्न स्वतंत्रपणे घेतला आहे. त्याचे उत्तर असे की ख्रिस्ताच्या दैवी ज्ञानाला काही नवीन नव्हते. पण माणूस म्हणून अनुभवाने येणारे ज्ञान त्याला होते, आणि अनुभवात नवे काही भेटू शकते. ऑगस्टीनचा दाखला देऊन तो पुढे म्हणतो की आपण विस्मित व्हायला शिकावे, हाही त्या विस्मयाचा हेतू होता. मला या उत्तराचा पहिला भाग अधिक जवळचा वाटतो. दुसऱ्या माणसाचा विश्वास हा आधीच वाचून ठेवलेला मजकूर नसतो, तो समोर घडावा लागतो.

दुसरा प्रसंग मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. येशू स्वतःच्या गावी, नासरेथला, येतो. हा तर आपला सुतार, मरियेचा मुलगा, याचे भाऊ-बहिणी इथेच आहेत, असे लोक म्हणतात. थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवण्यापलीकडे तिथे त्याला काही करता आले नाही, आणि त्यांच्या अविश्वासाचे त्याला आश्चर्य वाटले. लूकने नासरेथची जी हकिकत दिली आहे, तीत गावकरीही आधी त्याच्या बोलण्याने चकित होतात. तिथेही क्रियापद तेच. पण थोड्याच वेळात ते त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. म्हणजे चकित होणे हा काही विश्वास नव्हे. नासरेथकरांकडे माहिती भरपूर होती. त्या माहितीतच त्यांना तो पुरता कळून चुकला होता.

ख्रिस्ती परंपरेत या कथांचा एक सोयीस्कर अर्थ लावला गेला: यहुद्यांनी नाकारले, आपण स्वीकारले. तो अर्थ टिकत नाही. येशू यहुदी होता, त्याचे शिष्य यहुदी होते. हा घरातल्यांनी घरातल्यांना दिलेला इशारा होता. आज घरातले कोण, असे विचारले तर उत्तर ख्रिस्ती लोक हेच येते. जन्मापासून या गोष्टी ऐकलेले, येशू कोण ते पाठ असलेले आपणच नासरेथकर आहोत.

कॅथोलिक उपासनेने ही गोष्ट फार शहाणपणाने जपली आहे. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या अगदी आधी सगळे भाविक मिळून त्या शताधिपतीचेच शब्द म्हणतात. फक्त दासाच्या जागी स्वतःचा आत्मा येतो. इंग्रजी मिस्सेत मधली काही दशके यातले ‘छप्पर’ गळाले होते, ते २०११ मध्ये परत आले. वसईच्या चर्चमध्येही ही विनंती मराठीतून केली जाते. घरातल्यांसाठी मांडलेल्या पानावर बसण्याआधी, उंबऱ्याबाहेर थांबलेल्या एका परक्या शिपायाचे बोलणे तिथे प्रत्येकाला आपल्या तोंडाने म्हणावे लागते.