परक्या भूमीतील आधार

बीडसारख्या जिल्ह्यातून परदेशी शिकावयास निघणाऱ्या विद्यार्थ्याने पंडिता रमाबाईंचे स्मरण अवश्य ठेवावे. १८८३ साली कन्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आश्रय दिला. परंतु श्रवणदोषामुळे वैद्यक शिकण्याचा बेत फसला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला त्या शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या. मात्र श्रद्धा स्वीकारताना त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. शाकाहार सोडला नाही. धर्मगुरूंच्या आज्ञेहून आपली सदसद्विवेकबुद्धी श्रेष्ठ मानली. परक्या भूमीत श्रद्धेचा आधार जरूर घ्यावा. पाऊल मात्र आपलेच असावे.