दुकानाची जागा आणि शहराचा नकाशा



माझी शाळा सातवीत सुटली. कायदा शिकलो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. म्हणून आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो.

2020 साली एक कारखाना बंद पडला. आमचा एक सभासद, मोटार वाइंडिंगला हात बसलेला, माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, गाळा घेतो. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करीन. कागद काय लागतील?" मी म्हणालो, "शॉप ॲक्ट काढ आणि बस." मुंबईकर ज्याला गुमास्ता म्हणतात तोच हा कागद. त्याने फंडाच्या पैशातून अनामत भरली. जागा अरुंद गल्लीतली, रहिवासी इमारतीचा तळमजला. सहा महिन्यांत वॉर्निशच्या वासाची तक्रार झाली, नगररचना विभागाची नोटीस आली, गाळा सुटला. अनामत मालकाने परत केली नाही.

चूक कोठे झाली? दुकाने व आस्थापना कायदा धंद्याकडे पाहतो, नगररचना कायदा जागेकडे. 2017 च्या दुकाने कायद्याप्रमाणे कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असली, तर धंदा सुरू केल्याची केवळ सूचना द्यावयाची असते. तिची पावती हाती आली म्हणजे ती जागा त्या धंद्याला मोकळी झाली असे नव्हे.

जागेचा विचार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 यात आहे. शहराचा विकास आराखडा रहिवास, व्यापार, उद्योग असे विभाग पाडतो. कोणत्या विभागात काय चालेल हे विकास नियंत्रण नियमावली सांगते, आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे हेही तेथे पाहिले जाते. या कायद्यात 'विकास' म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरात ठळक बदल करणे हाही विकासच होय. राहत्या खोलीत भट्टी आणि ड्रिल मशीन आले की वापर बदलला, भिंत पाडली नसली तरीही.

तेव्हा अनामत देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. नगररचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा घ्यावा. मालकाकडून इमारतीचा मंजूर नकाशा मागून त्यात तो गाळा 'दुकान' म्हणून दाखविला आहे की 'निवास' म्हणून, हे पाहावे. वापर बदलावयाचा असेल तर रीतसर अर्ज करून पोच घ्यावी.

ती पोच जपावी. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. मात्र प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. कार्यालयाने काही खुलासा मागितला, तर साठ दिवस आपले उत्तर पोचल्यापासून मोजले जातात. नकार आला तर चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. आमच्या माणसाने नोटीस आल्यावर धावपळ केली. तोवर पैसा गेला होता.

शेजाऱ्याचीही बाजू आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पाळीवरून आलेल्या कामगाराला झोप हवी असते, आणि तोही आपलाच माणूस आहे. म्हणून ग्राइंडर कोठे राहील, धूर कोठे जाईल, हे धंदा सुरू करण्याआधीच ठरवावे.

शेवटी एक गोष्ट आम्हा संघटनावाल्यांसाठी. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागविल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते. तेथे जमीनमालक वकील घेऊन हजर असतात. दुरुस्तीवाला, शिंपी, वेल्डर यांच्यापैकी कोणी नसते. लहान कारागिराला जागा कोठे, हे लेखी विचारणे हेही युनियनचेच काम आहे, आणि ते आम्ही केले नाही.

आमचा सभासद आता रुंद रस्त्यावर, मंजूर दुकानगाळ्यात बसतो. भाडे जास्त पडते. पण कोणी नवा माणूस धंद्याविषयी विचारायला गेला, की तो आधी त्याला झोन दाखल्याचे विचारतो. मीही आता तेच विचारतो.