डोंगर फुटला, तर हंडा कुणाच्या डोक्यावर?

पावसाळा लागला की छत्रपती संभाजीनगरकरांची पावलं म्हैसमाळकडे वळतात. डबे, चटया, पोरंबाळं घेऊन अख्खं घर निघतं. पण मैत्रिणींनो, डोंगर काही नुसता सहलीपुरता नसतो. त्यात मुरलेलं पाणीच खाली विहिरीला येतं. उद्या अशा डोंगरात खडीची खाण निघाली तर?

ही नुसती भीती नाही. सिंधुदुर्गातल्या कळणे गावाने हे भोगलंय. लोहखनिजाच्या खाणीला तिथे २००८-०९ मध्ये गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला, तरी खाण झालीच. जुलै २०२१ मध्ये खाणीत साचलेलं पाणी बांध फोडून सुटलं अन् चिखल बागायतीत, घरांत शिरला.

खडी-मुरूम हे गौण खनिज. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानुसार पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते. ती घेतलीय का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. शिवाय ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे जा, बोला, ठराव लिहून घ्या. एक दिवस स्वयंपाकाला उशीर झाला तर चालेल. विहीर आटली, तर हंडा आपल्याच डोक्यावर येणार!